बंदुकीचा परवाना : ऐकीव कायदा आणि छापील कायदा

शस्त्रपरवान्याविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. उत्तरांना आधार आहे तो शस्त्र अधिनियम १९५९, त्यात २०१९ मध्ये झालेली दुरुस्ती आणि शस्त्र नियम २०१६ यांचा. विषय नाजूक असल्याने पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. प्रत्यक्ष प्रकरण अंगावर आले असेल, तर त्याची कागदपत्रे वकिलाला दाखवूनच पाऊल उचलावे.

प्रश्न : इंग्रजांनी १८७८ मध्ये कायदा करून भारतीयांना निःशस्त्र केले आणि स्वतंत्र भारताने तोच कायदा पुढे चालवला, वास्तविक शस्त्र बाळगणे हा आपला मूलभूत हक्क आहे, असा मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरत असतो. तो खरा आहे का? (एक वाचक, पुणे)

यातला इतिहास बराचसा खरा आहे आणि निष्कर्ष चुकीचा आहे. व्हाइसरॉय लिटन यांच्या काळात झालेल्या १८७८ च्या कायद्याने भारतीयांवर परवान्याची सक्ती केली आणि युरोपीय लोकांना तीतून सूट दिली. हा भेदभाव लोकांच्या मनात सलत राहिला. म्हणूनच काँग्रेसच्या १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश झाला होता. संविधान सभेत मात्र वेगळे घडले. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांच्या कलमात घालण्याची दुरुस्ती मांडली आणि सभेने ती स्वीकारली नाही. आजच्या संविधानात शस्त्रांचा उल्लेख येतो तो उलट्या दिशेने : अनुच्छेद १९ नागरिकांना एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य देतो, पण ते शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचे. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ पासून असलेल्या दुसऱ्या दुरुस्तीसारखी तरतूद आपल्याकडे नाही, याकडे सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची दखल घेताना फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा लक्ष वेधले.

तोच कायदा पुढे चालवला, हेही बरोबर नाही. १८७८ चा कायदा रद्द करून १९५९ चा अधिनियम आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो लागू झाला. त्यात वंशावरून सूट नाही, परवाना नाकारल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि नकाराविरुद्ध अपील करता येते. सर्वसाधारण नियमाला एक ठळक अपवाद मात्र आजही आहे, तो कर्नाटकातील कोडगू जिल्ह्याचा. तेथील कोडव समाजाला आणि जम्मा (वंशपरंपरागत हक्काच्या) जमीनधारकांना काही प्रकारच्या बंदुकांसाठी परवान्यातून सूट आहे आणि केंद्र सरकारने ती २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. ही सूट अधिनियमातील अधिकार वापरून सरकारने दिलेली आहे, म्हणजे तीही मूलभूत हक्क ठरत नाही.

प्रश्न : आमच्या भागात असे बोलले जाते की, ज्याच्या नावावर भरपूर जमीनजुमला आहे किंवा ज्याची पुढाऱ्यांकडे ऊठबस आहे त्यालाच परवाना मिळतो आणि एकदा मिळाला की तो कोणी काढून घेऊ शकत नाही. (एक वाचक, बीड)

पहिल्या भागातील पुढाऱ्यांविषयी कायदा काही बोलत नाही, पण जमीनजुमल्याविषयी तो स्पष्ट बोलतो. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे कलम १४ मध्ये लिहिलेले आहे. अर्ज करताना मात्र शस्त्र हाताळण्याच्या सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. मग पोलिसांकडून चौकशी होते आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी, तर आयुक्तालयाच्या हद्दीत पोलिस आयुक्त निर्णय घेतात. रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तुलासाठी शस्त्र बाळगण्याचे पुरेसे कारण आहे अशी त्यांची खात्री पटावी लागते. गावात वजन असणे हे त्या कारणांत मोडत नाही, तरीही परवान्याकडे मिरवण्याची वस्तू म्हणून पाहणाऱ्यांचे अर्ज सगळीकडे येतात आणि त्यातले काही मंजूरही होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही.

दुसरा भाग सरळ चुकीचा आहे. परवाना पाच वर्षांचा असतो, २०१९ पूर्वी तो तीन वर्षांचा होता. कलम १७ नुसार सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षेसाठी, परवान्याच्या अटी मोडल्यामुळे किंवा अर्जात माहिती दडवल्यामुळे तो मुदतीच्या मध्येही निलंबित वा रद्द करता येतो. तुमच्याच जिल्ह्यात २०२५ च्या सुरुवातीला प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले, ही घटना ताजी आहे. त्याखेरीज, एका व्यक्तीकडे किती बंदुका असाव्यात याची मर्यादा २०१९ च्या दुरुस्तीने तीनवरून दोनवर आणली आणि ज्यांच्याकडे तिसरी होती त्यांना ती एका वर्षाच्या आत पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागली. पिढ्यान्‌पिढ्या घरात असलेल्या बंदुकाही या मोजणीतून सुटल्या नाहीत.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांच्या काळापासून शेती संरक्षणाची ठासणीची बंदूक आहे. परवाना शेतीसाठीच असल्यामुळे शेतात आलेले रानडुक्कर मारण्यास वेगळी परवानगी लागत नाही, असे गावातील सगळे म्हणतात. गव्यांनीही यंदा भाताची नासधूस केली. नेमके काय करता येते? (एक शेतकरी, कणकवली तालुका)

कोकणात बंदुकीविषयी जेवढे गैरसमज आहेत त्यात हा सर्वांत महाग पडणारा आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहोत. तुमच्या हातातील परवाना शस्त्र अधिनियमाखालचा आहे. पिकांच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या खऱ्या गरजूला परवाना द्यावा, अशी तरतूद त्या अधिनियमातच आहे आणि सिंधुदुर्ग व रत्नागिरीतील बरेचसे शेती संरक्षण परवाने याच वाटेने आलेले आहेत. या परवान्याने तुम्हाला बंदूक बाळगता येते आणि आवाज करून जनावरे पिटाळता येतात. जनावर मारणे हा विषय दुसऱ्या कायद्याचा, म्हणजे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे आणि त्याची परवानगी वन खात्याकडून वेगळी घ्यावी लागते. एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्यापुढे चालत नाही.

रानडुकराच्या बाबतीत त्या अधिनियमाचे कलम ११ मदतीला येते. एखादे जनावर माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरले आहे अशी खात्री पटल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, कारणे नोंदवून, ते मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. म्हणून नुकसान झाले की वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच ठेवावी आणि नुकसानभरपाईचा अर्जही त्याच वेळी करावा. गव्याची गोष्ट निराळी आहे. गवा त्या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत असल्यामुळे त्याच्याबाबत परवानगी केवळ मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात आणि तीही तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल तरच. त्याने भात तुडवला, हे कारण गवा मारण्यासाठी कायद्याला पुरत नाही. शेतकऱ्याला हे अन्यायाचे वाटते आणि त्यात चूक नाही, पण गव्यावर झाडलेल्या गोळीमुळे होणारा खटला पिकाच्या नुकसानीपेक्षा कितीतरी जड असतो.

अंगावर आलेल्या जनावरापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्‌भावनेने ते मारले किंवा जखमी केले, तर तो गुन्हा होत नाही. मात्र त्या वेळी ती व्यक्ती स्वतःच बेकायदा शिकारीला गेलेली असेल, तर हे संरक्षण तिला मिळत नाही. आणखी एक गोष्ट गावात कोणी सांगत नाही. जीव वाचवताना मारलेले असो वा परवानगीने मारलेले असो, ते जनावर सरकारी मालमत्ता ठरते. त्यामुळे मारलेल्या डुकराचे वाटे घालून घरोघरी मटण पोहोचवणे हा स्वतंत्र गुन्हा होतो, मारण्याची परवानगी खिशात असली तरीही.

ठासणीची बंदूक जुन्या पद्धतीची असल्याने तिला परवानाच लागत नाही, असेही काही जण समजतात. दारू आणि छरे नळीतून ठासून भरायचे असोत की काडतूस घालायचे असो, कायद्याच्या लेखी दोन्ही बंदुकाच आहेत. परवाना दोन्हींना लागतो आणि मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण करावे लागते.

प्रश्न : निवडणूक जाहीर झाली की सर्व परवानाधारकांनी बंदुका पोलिस ठाण्यात जमा करायच्याच, असा कायदा आहे का? नेमक्या त्याच दिवसांत शेतात माकडे आणि डुकरे असतात. (एक बागायतदार, डिचोली, गोवा)

सरसकट सर्वांनी, असा कायदा नाही. गोव्यातीलच एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने असा सरसकट आदेश योग्य नसल्याचे म्हटले होते. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात छाननी समिती असते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत किंवा निवडणुकीतील हाणामारीत सापडलेले परवानाधारक कोण, याचा आढावा घेऊन ही समिती बंदूक कोणाकडून जमा करून घ्यायची ते ठरवते. व्यवहारात ठाण्यातून सर्वांनाच निरोप येतो, हे खरे आहे. तुम्हाला नोटीस आली असेल, तर शेतीचे कारण आणि आजवरचा निष्कलंक परवाना दाखवून समितीकडे सवलतीचा अर्ज करावा. नोटिशीकडे दुर्लक्ष करून बंदूक घरात ठेवू नये, कारण मग चांगली बाजूही बिघडते. जमा केलेल्या बंदुकीची पावती घ्यावी आणि तीवर बंदुकीचा क्रमांक लिहून घ्यावा.

प्रश्न : आजोबांची बारा बोअर बंदूक आणि त्याहून जुनी एक तोड्याची (पेटत्या वातीने उडणारी) बंदूक घरात आहे. आजोबा गेल्या वर्षी वारले. वारसाहक्काने दोन्ही वडिलांकडे आल्या, असे आम्ही धरून चाललो आहोत. देव्हाऱ्याशेजारी एक तलवारही आहे, तिची खंडेनवमीला पूजा होते. (एक वाचक, सातारा)

धरून चालण्याचे थांबवून उद्याच पोलिस ठाण्यात जावे, असा आमचा सल्ला आहे. बंदुकीची मालकी वारसाला मिळते, पण ताबा मिळत नाही. परवाना आजोबांच्या नावाचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला. त्या दिवसापासून बारा बोअर घरात ठेवणारा माणूस विनापरवाना शस्त्र बाळगणारा ठरतो, मग ती कपाटात कुलूपबंद का असेना. कलम २१ प्रमाणे अशी बंदूक विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. त्यानंतर वडिलांनी वारस म्हणून अर्ज करायचा, इतर वारसांचे ना हरकत पत्र जोडायचे आणि परवाना मिळाल्यावर बंदूक सोडवून आणायची. उशीर झाला म्हणून घाबरून ती विहिरीत किंवा रानात टाकून देणे हा मूर्खपणा होईल, कारण प्रत्येक परवान्यावरील शस्त्राचा क्रमांक नोंदलेला असतो आणि केव्हातरी तिचा हिशेब मागितला जातोच. वास्तविक आजोबांच्या हयातीतच हे करता आले असते. परवानाधारकाने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केल्यावर किंवा बंदूक पंचवीस वर्षे बाळगल्यावर त्याने सुचवलेल्या वारसाला परवाना देण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. ज्यांच्या घरात वयस्कर परवानाधारक आहेत त्यांनी ती वापरावी.

तोड्याच्या बंदुकीबाबत कलम ४५ पाहावे लागेल. कालबाह्य बनावटीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडकळीला आलेले शस्त्र अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहते, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येऊ नये, ही अट आहे. लोक अटीचा पहिला भाग वाचतात आणि दुसरा सोडून देतात. नळी साबूत असेल आणि गावातला कारागीर ती चालती करू शकत असेल, तर केवळ जुनी म्हणून ती सुटत नाही. ती जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेला दाखवून तिच्याविषयी लेखी निर्णय घेणे सर्वांत सुरक्षित.

तलवारीच्या बाबतीत घरातील पूजा आणि रस्त्यावरील प्रदर्शन यांत फरक करावा. तलवारी, भाले, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे ही शस्त्रांच्या यादीतील पाचवी श्रेणी आहे. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामाची हत्यारे तीतून वगळलेली असल्यामुळे कोयता आणि विळा यांची चिंता नको. या श्रेणीतील शस्त्रांसाठी परवान्याची सक्ती कलम ४ प्रमाणे अधिसूचित केलेल्या क्षेत्रात असते. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलिस वेळोवेळी जमावबंदी व शस्त्रबंदीचे आदेश काढत असतात. भर चौकात तलवारीने केक कापणाऱ्या वाढदिवसाच्या नायकांवर गुन्हे दाखल होतात ते याच दोन तरतुदींच्या आधारे आणि पुरावा बहुधा त्यांनी स्वतःच चित्रित करून समाजमाध्यमांवर टाकलेला असतो.

प्रश्न : घरात घुसलेल्या चोरावर परवान्याच्या रिव्हॉल्व्हरने गोळी झाडली, तर मालकावर गुन्हा होत नाही, हे बरोबर आहे ना? निदान आधी हवेत एक गोळी झाडली असेल तर? (एक व्यापारी, नाशिक)

परवाना आणि स्वसंरक्षणाचा हक्क यांचा एकमेकांशी संबंध नाही. परवाना नसलेल्या माणसालाही काठीने किंवा हाताला येईल त्या वस्तूने स्वतःचा बचाव करता येतो आणि परवाना असलेल्यालाही त्या हक्काच्या पलीकडे पाऊलभर जाता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे या हक्काची आहेत. त्यातील कलम ३७ मूळ मर्यादा सांगते : बचावासाठी आवश्यक आहे त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तेव्हा हा हक्कच उरत नाही. समोरच्याचा मृत्यू होईल इथपर्यंत हा हक्क ताणला जाऊ शकतो, पण त्यासाठीचे प्रसंग मोजून दिलेले आहेत. जिवे मारले जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती निर्माण करणारा हल्ला, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला ही त्यातली काही उदाहरणे. मालमत्तेच्या रक्षणासाठीच्या यादीत जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतील घरफोडी आणि राहत्या घराला आग लावणे यांचा समावेश होतो. साधी चोरी त्यात येते ती जिवाची किंवा गंभीर दुखापतीची भीती असेल तेव्हाच.

याचा अर्थ असा की, दुपारी दुकानातून गल्ला उचलून पळणाऱ्याच्या पाठीत घातलेली गोळी तुम्हाला सदोष मनुष्यवधाच्या किंवा खुनाच्या आरोपापर्यंत नेऊ शकते. मध्यरात्री कोयता घेऊन शयनगृहाच्या दारात उभ्या असलेल्या माणसावर झाडलेली गोळी वेगळ्या पद्धतीने तपासली जाईल. दोन्ही प्रसंगांत गुन्हा नोंदवला जातो, तपास होतो आणि परिस्थिती अपवादाची होती हे न्यायालयात दाखवून देण्याची जबाबदारी आरोपीवर येते. ‘गुन्हाच होत नाही’ हा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

हवेत गोळी झाडणे ही कायद्याने मान्य केलेली पायरी नागरिकांसाठी कुठेही नाही. वर गेलेली गोळी खाली येतेच आणि ती कोणाच्या गच्चीवर उतरेल ते झाडणाऱ्याच्या हातात राहत नाही. तिरप्या कोनात सुटलेली गोळी तर दूरवर जाऊनही जीव घेण्याइतका वेग राखून असते. वरातीत आणि मिरवणुकीत होणाऱ्या गोळीबारासाठी २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र शिक्षाच ठेवली आहे. इतरांचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात येईल अशा रीतीने जल्लोषात बंदूक चालवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कोणी दगावले, तर त्याची कलमे निराळी लागतात. सार्वजनिक ठिकाणी परवान्याचे शस्त्रसुद्धा म्यानात किंवा पिशवीत पूर्ण झाकून न्यावे लागते, कमरेला दिसेल असे मिरवता येत नाही.

प्रश्न : मॅगझीन काढून ठेवले की पिस्तूल निर्धोक होते आणि चाप ओढल्याशिवाय रिव्हॉल्व्हर उडत नाही, असे माझे पती म्हणतात. घरात लहान मुले आहेत. (एक वाचक, मुंबई)

दोन्ही विधाने अर्धवट आहेत. पिस्तुलाचे मॅगझीन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढले तरी नळीच्या मागच्या चेंबरमध्ये आधीच चढवलेले एक काडतूस तसेच राहू शकते आणि बहुतेक पिस्तुले मॅगझीन नसतानाही ते उडवतात. साफसफाई करताना होणाऱ्या अपघातांमागे अनेकदा हेच एक विसरलेले काडतूस असते. आधी मॅगझीन काढायचे, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहायचे आणि बोटाने चाचपायचे, हा क्रम उलटा झाला तर चेंबरमध्ये नवे काडतूस चढते.

रिव्हॉल्व्हरची यंत्रणा वेगळी. नव्या रचनेत, चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये एक पट्टी बसवलेली असते. जुन्या बनावटीत ती नसते. तेथे घोडा काडतुसाच्या बुडावर टेकलेला असतो आणि शस्त्र हातातून पडून घोड्यावर आपटले, तर चापाला हात न लावता गोळी सुटते. म्हणूनच जुने जाणकार घोड्यासमोरचे घर रिकामे ठेवत असत. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी लागली, ती घरी शस्त्र ठेवत असताना घडलेली घटना होती. शस्त्र रिकामे करून तिजोरीत, काडतुसे वेगळ्या कुलपात आणि किल्ल्या मुलांना सापडणार नाहीत अशा, एवढे तरी तुमच्या घरात आजपासून व्हावे. आणि हो, पतींच्या परवान्यावर ते शस्त्र तुम्ही वापरू शकत नाही. त्यांच्या लेखी अधिकारपत्राने ते दुरुस्तीला किंवा परवाना नूतनीकरणासाठी नेऊ शकता, तेवढेच.

प्रश्न : स्वप्नील कुसाळे यांचे पदक पाहिल्यापासून माझी तेरा वर्षांची मुलगी नेमबाजी शिकायची म्हणते. परवान्याला एकवीस वर्षे लागतात, मग तिने तोपर्यंत थांबायचे का? (एक पालक, कोल्हापूर)

थांबायचे कारण नाही. एकवीस वर्षांची अट स्वतःचा परवाना घेण्यासाठी आहे. लक्ष्यवेधाच्या प्रशिक्षणासाठी बारा वर्षे पूर्ण केलेल्या मुलांना देखरेखीखाली शस्त्र हाताळण्याची मुभा नियमांनी दिलेली आहे. कुसाळे यांनी पॅरिसमध्ये २०२४ साली कांस्यपदक मिळवले तो ५० मीटर थ्री पोझिशन्सचा प्रकार पॉइंट टू टू रायफलचा आहे, पण सुरुवात बहुतेक सर्वांची १० मीटर एअर रायफलने होते. नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ऊर्जा वीस ज्युलपर्यंत असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्पर्धेतील रायफल याच्या पुष्कळ खाली, साधारण साडेसात ज्युलच्या आसपास असते.

परवाना नको म्हणून ती खेळणे ठरत नाही. छऱ्याने डोळा जाऊ शकतो. तिने झाडावरचा पक्षी टिपला, तर वन्यजीव कायद्याचे प्रकरण उभे राहते आणि त्या कायद्यात एअरगनला सूट नाही. अरुणाचल प्रदेशात पक्ष्यांच्या शिकारीमुळेच २०२१ मध्ये गावकऱ्यांनी एअरगन स्वेच्छेने सरकारजमा करण्याची मोहीम सुरू झाली. रायफल क्लबमध्येच ठेवावी, हे पहिल्या वर्षी तरी उत्तम.

प्रश्न : सीमेपलीकडून येणारा गावठी कट्टा जवळ सापडला, तर दोन-चार दिवसांत जामीन होतो आणि पुढे दंड भरून सुटता येते, असे मुले सर्रास बोलतात. (एक शिक्षक, चोपडा, जि. जळगाव)

तुमच्या तालुक्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील उमर्टी परिसरातून येणाऱ्या पिस्तुलांवर पोलिसांच्या कारवाया सतत होत असतात, त्यामुळे मुलांच्या बोलण्याचा उगम समजतो. त्यांना एवढेच सांगावे की, विनापरवाना बंदूक बाळगण्याला आता कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद आहे, दंड त्याशिवाय. पूर्वी हे एक ते तीन वर्षे होते. केवळ दंड भरून मोकळे होण्याची सोय त्यात नाही. अशी शस्त्रे बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्याला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप होऊ शकते, आणि मित्रासाठी ‘फक्त आणून दिले’ म्हणणारा मुलगा याच कलमाच्या तावडीत सापडू शकतो. अटक टाळण्यासाठी नकली बंदूक रोखणेसुद्धा कलम २८ प्रमाणे सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

प्रश्न : मी एच-वन-बी व्हिसावर आहे. अमेरिकेत कोणीही पिस्तूल विकत घेऊ शकतो, असे सहकारी सांगतात. गेल्या महिन्यात शूटिंग रेंजवरून आणलेले एक काडतूस आठवण म्हणून भारतात भावाला द्यायचे आहे. (एक वाचक, न्यू जर्सी)

दोन्ही बेत सोडून द्यावेत. अमेरिकेच्या संघीय कायद्याप्रमाणे एच-वन-बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकार परवाना असणे हा त्याला मुख्य अपवाद. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई नाही. तुमचे सहकारी बहुधा स्वतःच्या स्थितीवरून तुम्हाला सल्ला देत असावेत. रेंजवर भाड्याने घेतलेले शस्त्र हातात धरणे हेही बाळगण्यातच मोजले जाऊ शकते, तेव्हा पुन्हा जाण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

भारतात जिवंत काडतूस आणणे हा शस्त्र अधिनियमाखालील गुन्हा आहे, मग ते एकच का असेना. विमानतळावर सामानात विसरून राहिलेले काडतूस सापडल्याने गुन्हे दाखल झालेल्या प्रवाशांची प्रकरणे न्यायालयांपुढे अनेकदा आली आहेत. ताबा जाणीवपूर्वक होता का, या कसोटीवर त्यातील कित्येक जण सुटले, कारण काडतूस बॅगेत असल्याचे त्यांना ठाऊकच नव्हते. तुम्हाला मात्र ते ठाऊक आहे आणि ते या पत्रात तुमच्या हस्ताक्षरात लिहिलेलेही आहे. काडतूस येथे आणू नका. तुमच्याकडे ते असणेही तेथील कायद्याच्या विरुद्ध असल्याने ते परत कसे करावे, हे त्याच वकिलाकडून समजून घ्या. ज्या बॅगेतून ते घरी आणले, तिचे सगळे कप्पे निघण्यापूर्वी उलटे करून झाडून पाहा.